कलम ५६ : टेक्सासने घटनेतच बंद केलेलं खातं

महाराष्ट्राला स्वतःची वेगळी घटना नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या राज्यांना ती असते हे चटकन लक्षात येत नाही. टेक्सासला आहे. ती बदलायची तर विधिमंडळाने ठराव करून भागत नाही. दुरुस्ती मतदारांपुढे ठेवावी लागते आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं तरच ती लागू होते. आज चालू असलेली टेक्सासची घटना १८७६ ची आहे. तिला आतापर्यंत पाचशेहून जास्त ठिगळं लागली आहेत. त्यातल्याच एका ठिगळाची आणि त्याखालच्या मूळ कापडाची ही गोष्ट.

मूळ घटनेच्या सोळाव्या प्रकरणातलं ५६ वं कलम एकाच वाक्याचं होतं. मराठीत साधारण असं होईल: ‘स्थलांतर खातं स्थापन करण्यासाठी आणि चालवण्यासाठी, किंवा या राज्यात स्थलांतरितांना आणण्याच्या कोणत्याही कारणासाठी, सरकारी पैशातली कोणतीही रक्कम मंजूर करण्याचा अधिकार विधिमंडळाला असणार नाही.’

वाक्य नीट वाचा. स्थलांतरितांना बंदी नाही. कोण यावं, कोण येऊ नये याबद्दल चकार शब्द नाही. बंदी फक्त पैशाला आहे आणि ती घातली आहे आपल्याच आमदारांवर. पुढे निवडून येणारे आमदार पुन्हा हे खातं उघडतील, ही धास्ती शब्दाशब्दांत दिसते. खातं बंद करायला एक साधा कायदा पुरला असता. इथे दार बंद करून, कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली आहे.

गंमत अशी की जेमतेम सहा वर्षांपूर्वी हेच खातं टेक्सासच्याच मतदारांनी, घटनेतच, जन्माला घातलं होतं.

खातं आलं कुठून

अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. टेक्सास हरलेल्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला होतं. संघराज्यात परत यायचं तर नवी घटना करा, अशी वॉशिंग्टनची अट होती. त्या घटनेवर मतदान झालं १८६९ च्या नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. बाजूने ७२,३६६ मतं पडली, विरोधात ४,९२८.

या घटनेत ‘स्थलांतर’ नावाचं अख्खं प्रकरण होतं. एक खातं असेल, त्याचा प्रमुख राज्यपाल नेमतील, सिनेटची संमती लागेल, मुदत चार वर्षं, पगार वर्षाला दोन हजार डॉलर. आणि पैसा कशावर खर्च करता येईल? खात्याच्या खर्चावर, परदेशातल्या आणि अमेरिकेतल्या बंदरांवर एजंट ठेवण्यावर, आणि युरोपातून टेक्सासला येणाऱ्यांच्या प्रवासभाड्यावर. भाडं अर्धमुर्धं किंवा पूर्ण. त्यापुढे राज्यातल्या राज्यात त्यांना इच्छित ठिकाणी पोचवण्याचा खर्चही.

म्हणजे सरकार तिकीट काढून देणार, बंदरावर माणूस उभा करणार आणि गावापर्यंत सोडणार. लग्नाच्या वऱ्हाडाची करतात तशी सोय.

सरकारला ही हौस का, हे समजायला टेक्सासचा एक विशेष माहीत हवा. टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं तेव्हा ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. सामील होताना त्याने आपली पडीक सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. इतर नव्या राज्यांत अशी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची असे. त्यामुळे टेक्सासच्या तिजोरीत खडखडाट असला तरी जमीन मात्र कोट्यवधी एकर. पण माणूस नाही तिथे पीक नाही, आणि पीक नाही तिथे करही नाही. विस्कॉन्सिनने १८५२ मध्येच न्यूयॉर्क बंदरावर आपला आयुक्त बसवला होता. मिनेसोटाने १८६७ मध्ये मंडळ नेमून स्कँडिनेव्हियातल्या शेतकऱ्यांना ओढायला सुरुवात केली होती. टेक्सास या शर्यतीत उशिरा उतरलं.

दुसरं कारण उघड बोललं जायचं, पण आज वाचताना खटकतं. १८७० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या ८,१८,५७९ होती. त्यातले २,५३,४७५ कृष्णवर्णीय, म्हणजे दर दहांत तीन. हे लोक आता गुलाम राहिलेले नव्हते. मजुरीचा भाव करत होते, मत देत होते. कापसाच्या मळेवाल्यांना त्यांच्या जागी गोरा मजूर हवा होता. घटनेत ‘युरोपातून’ हा शब्द उगाच पडलेला नाही.

आता पुन्हा ७२,३६६ या आकड्याकडे बघू. एवढ्या लोकांना स्थलांतर खातं हवं होतं का? मला नाही वाटत. त्यांना युद्धानंतर केंद्राने बसवलेला लष्करी अंमल संपायला हवा होता. घटना मंजूर झाली तर संघराज्याचं दार उघडणार होतं, आणि ३० मार्च १८७० ला ते उघडलंही. खातं त्या गाठोड्यातून आलं.

खात्याला चिकटलेला माणूस

त्याच मतदानात राज्यपालाचीही निवड झाली. रिपब्लिकन एडमंड डेव्हिस ३९,९०१ मतांनी जिंकले. प्रतिस्पर्धी हॅमिल्टन यांना ३९,०९२. जेमतेम आठशे मतांचं अंतर. डेव्हिस टेक्सासचे असून युद्धात उत्तरेकडून लढले होते. त्यांच्या कारकिर्दीत राज्याचं पोलीस दल उभं राहिलं, सरकारी शाळा आल्या आणि त्यासाठी कर वाढले. स्थलांतर खात्याचं कामही याच काळात सुरू झालं.

खात्याचे पहिले प्रमुख गुस्ताव्ह लोफ्लर. नाव जर्मन, आणि टेक्सासच्या राजकारणात जर्मन असणं ही साधी बाब नव्हती. १८४० च्या दशकात जर्मन सरदारांच्या एका मंडळाने हजारो जर्मनांना टेक्सासला आणलं होतं. न्यू ब्राउनफेल्स १८४५ मध्ये वसलं, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ मध्ये. डोंगराळ भागातल्या यांच्यातल्या बऱ्याच जणांना गुलामगिरी पटत नव्हती. युद्धात यांतल्या काहींनी मेक्सिकोकडे निघून जायचा प्रयत्न केला, तेव्हा ऑगस्ट १८६२ मध्ये न्युएसेस नदीकाठी त्यांना गाठून मारलं गेलं. उरलेले डेव्हिस यांच्यामागे उभे राहिले. त्यामुळे ‘युरोपातून माणसं आणायची’ म्हटलं की विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या माणसाला ऐकू यायचं, ‘डेव्हिसची मतं आणायची’.

डिसेंबर १८७३ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट रिचर्ड कोक दुपटीने जिंकले. डेव्हिस म्हणाले, निवडणूकच बेकायदा. जानेवारी १८७४ मध्ये ऑस्टिनच्या कॅपिटॉल इमारतीत एक अजब दृश्य होतं: खालच्या मजल्यावर डेव्हिस आणि त्यांचे सैनिक, वरच्या मजल्यावर कोक आणि नवं विधिमंडळ. एका इमारतीत दोन सरकारं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी फौज पाठवायला नकार दिला आणि डेव्हिस यांना खाली उतरावं लागलं. आपल्याकडेही पहाटेचे शपथविधी आणि हॉटेलात मुक्कामाला असलेले आमदार पाहून झालेत, पण मजले वाटून घेतलेलं सरकार अजून पाहायचंय.

इथवर वाचून वाटेल की खातं डेव्हिसचं होतं म्हणून कोक यांच्या पक्षाने ते मारलं. पण १८७४ मध्ये डेमोक्रॅटांनीच ते चालू ठेवलं आणि त्यावर जेरोम रॉबर्टसन यांना नेमलं. दक्षिणेच्या फौजेत टेक्सास ब्रिगेडचं नेतृत्व केलेले सेनापती! म्हणजे खातं आता ‘आपल्या’ माणसाच्या हाती होतं. तरीही दोन वर्षांत ते गेलं. नुसत्या पक्षीय सुडाने हे उलगडत नाही.

काटकसरीचा हंगाम

नवी घटना लिहायला ६ सप्टेंबर १८७५ ला ऑस्टिनमध्ये ९० सभासद जमले. पंचाहत्तर डेमोक्रॅट, पंधरा रिपब्लिकन. पक्षापेक्षा महत्त्वाची होती दुसरी ओळख: यांतले चाळिसाच्या आसपास ग्रेंजचे होते. ग्रेंज ही शेतकऱ्यांची संघटना. टेक्सासमधली पहिली शाखा १८७३ मध्ये सलाडो गावी निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी आली, कापसाचे भाव घसरले. कर मात्र रोखीत भरायचा होता. ज्याच्या घरात वर्षातून एकदाच, कापूस विकल्यावर, नगद पैसा दिसतो तो कराकडे कसा बघतो हे विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

या मंडळींची काटकसर कुठवर जावी? आमदारांना दिवसाला आठ डॉलर भत्ता मिळायचा. यांनी स्वतःला पाच ठरवला. राज्यपालाचा पगार पाच हजारांवरून चार हजारांवर आणला. चर्चेची शब्दशः टिपणं ठेवायला लघुलेखक लावण्याचा खर्चही नको म्हणाले. घटनेसारखी घटना लिहिली जात होती आणि कोण काय बोललं ते लिहून घ्यायला माणूस नव्हता. आज त्या चर्चा कळतात त्या मुख्यतः तेव्हाच्या वर्तमानपत्रांमुळे.

परिषद सुरू होऊन दहा दिवस होतात न होतात तोच, १६ सप्टेंबरला, मोठं वादळ मातागोर्डा खाडीवर आदळलं आणि इंडियानोला बंदर उद्ध्वस्त झालं. याच किनाऱ्यावर तीस वर्षांपूर्वी जर्मन कुटुंबं बोटीतून उतरली होती. वादळाचा कलम ५६ शी कार्यकारण संबंध नाही, मी तो जोडतही नाही. पण राज्यात माणसं यायची जुनी वाट वाहून जात होती त्याच महिन्यात माणसं आणायचं खातं पुसणारी मंडळी ऑस्टिनला बसली होती, हा योगायोग नजरेआड करवत नाही.

शेतकऱ्याच्या जागी बसून हिशेब मांडला तर तो चुकीचा वाटत नाही. मी कर भरतो. त्यातून जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माणसाचं बोटीचं भाडं निघतं. तो येऊन माझ्या शेजारी कापूस पेरतो. कापूस जास्त झाला की भाव पडतो. मग मी आणखी गरीब होऊन पुढच्या माणसाचं भाडं भरतो. शिवाय टेक्सासला येणारे बहुसंख्य लोक युरोपातून येतच नव्हते. ते टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी या शेजारच्या राज्यांतून बैलगाडीने, पदरचा खर्च करून येत. कर्जबाजारी माणूस रातोरात घर सोडायचा आणि दारावर ‘जी. टी. टी.’ अशी तीन अक्षरं लिहून जायचा. गॉन टू टेक्सास. सावकाराला तेवढं पुरे. ज्याला यायचं तो येतोच आहे, मग एजंट कशाला?

पण याच मंडळींनी ५६ च्या लगेच खाली काय लिहिलं ते बघण्यासारखं आहे. कलम ५७: नवी कॅपिटॉल इमारत बांधण्यासाठी तीस लाख एकर सरकारी जमीन राखून ठेवली आहे. रोख पैसा सोडायचा नाही, जमीन मात्र परातीने वाटायची. घटनेच्या दुसऱ्या एका प्रकरणात रेल्वे कंपन्यांना दर मैल रुळामागे १६ सेक्शन, म्हणजे १०,२४० एकर देण्याची मुभा. ज्यांच्याकडे पैसा नाही पण जमीन आहे अशा घरात जे होतं तेच राज्यात झालं: रुपयाला गाठ मारायची आणि वावर विकून लग्न लावायचं.

१५ फेब्रुवारी १८७६

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, घटना हवी की नको. बाजूने १,३६,६०६ मतं, विरोधात ५६,६५२. त्याच दिवशी कोक पुन्हा राज्यपाल झाले.

न्यायाधीशांची निवडणूक, शाळांचे पैसे, करांची मर्यादा, राज्यपालाचे छाटलेले अधिकार, सगळं एका गाठोड्यात. कलम ५६ वेगळं उचलून ठेवायची सोय मतदाराला नव्हती. जी शंका १८६९ बद्दल आली तीच इथेही येते. पहिल्यांदा लष्कराला घालवायच्या भरात खातं आलं, दुसऱ्यांदा डेव्हिसच्या आठवणी पुसायच्या भरात गेलं. सुक्याबरोबर ओलं जळालं म्हणा. ‘स्थलांतर खात्यावर पैसे खर्च करावेत का’ हा सरळ प्रश्न या दोन्ही वेळी मतदाराला कुणी विचारलाच नाही. इतिहासात मात्र दोन्ही वेळा ‘जनतेचा कौल’ अशी नोंद आहे.

मग माणसं यायची थांबली का

१८७० ची लोकसंख्या वर दिली आहे: ८,१८,५७९. दहा वर्षांनी, १८८० मध्ये, ती १५,९१,७४९ होती. जवळजवळ दुप्पट.

कलम ५६ च्या समर्थकाला हा आकडा आयता मिळतो: बघा, खात्यावाचून काही अडलं का? पण या दशकाची पहिली पाचेक वर्षं खातं चालू होतं, नंतरची चार-पाच बंद. आणि त्याच दशकात रूळ आले. १८७३ मध्ये डेनिसन इथे उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रेल्वे जोडली गेली आणि सेंट लुईसकडून थेट टेक्सासच्या पोटात यायची सोय झाली. या गर्दीत खात्याचं श्रेय किती आणि रुळांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. काढता येतं असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

जे दिसतं ते असं: खात्याचं काम बंद पडलं नाही, मालक बदलला. रेल्वे कंपन्यांना पुढे १८८२ पर्यंत मिळून तीन कोटी वीस लाख एकरांवर जमीन मिळाली. ती विकायची तर गिऱ्हाईक हवं. म्हणून १८८१ मध्ये टेक्सासच्या रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन साउथ-वेस्टर्न इमिग्रेशन कंपनी काढली. पत्रकं छापणं, युरोपात माणसं ठेवणं, सगळं तेच. आणि या कंपनीचे अध्यक्ष कोण? विल्यम लँग, टेक्सास ग्रेंजचे माजी प्रमुख. ज्या संघटनेच्या जोरावर सरकारी खात्याचा पैसा तोडला गेला, तिचाच पुढारी रेल्वेच्या पैशावर तेच काम करू लागला. दुटप्पीपणा म्हणता येईल, पण मला त्यात सुसंगती दिसते. ग्रेंजच्या शेतकऱ्याचा राग खर्चावर होता, येणाऱ्यावर नव्हता. रेल्वेच्या खर्चाने कोणी आला तर त्याचं काही म्हणणं नव्हतं.

ती रेल्वेची जमीन मुळात त्याच शेतकऱ्याच्या राज्याची होती, हा हिशेब मात्र तेव्हा कुणी मांडल्याचं दिसत नाही.

‘कोणत्याही कारणासाठी’

कलमातले खरे अवघड शब्द हे. खातं गेलं, रॉबर्टसन घरी गेले, विषय संपला असं वाटावं. पण ‘राज्यात स्थलांतरितांना आणण्याच्या कोणत्याही कारणासाठी’ यात काय काय येतं? दुसऱ्या राज्यातल्या प्रदर्शनात टेक्सासचा कापूस मांडला, तो बघून कुणी टेक्सासला राहायला आला, तर तो खर्च घटनाबाह्य? १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा पेच उभा राहिला. विधिमंडळाने पैसे दिले नाहीत. टेक्सासच्या महिलांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमवली आणि त्यातून टेक्सासचं दालन उभं राहिलं. सार्वजनिक गणपतीसारखं, दारोदार पावतीपुस्तक घेऊन.

टेक्सासच्या स्वातंत्र्याची शताब्दी १९३६ मध्ये होती. उत्सव मोठा करायचा होता, देशभरातून लोक बोलवायचे होते. त्यासाठी आधी घटनेत वेगळं कलम घालावं लागलं, आणि ते मतदारांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये मंजूर केलं. मग १९३५ मध्ये विधिमंडळाने तीस लाख डॉलर दिले. मंदीच्या ऐन भरात. ब्रेमेनच्या एजंटाचा पगार वाचवायला लिहिलेलं वाक्य साठ वर्षांनी नातवंडांच्या जत्रेच्या आड येत होतं.

सार्वजनिक प्रशासन शिकणाऱ्याने इथे थांबावं. एखाद्या योजनेवरचा राग अर्थसंकल्पात काढला तर वर्षाने फिरवता येतो, कायद्यात काढला तर पुढच्या विधिमंडळाला फिरवता येतो. घटनेत काढला की ज्यांचा तो राग नाही त्यांनाही आधी मतदारांकडे जावं लागतं. आणि मतदाराला १८७५ चं काही आठवत नसतं. त्याला फक्त दिसतं की सरकार पुन्हा पैसे मागतंय. म्हणून जुनं कलम चुकीचं आहे हे सगळ्यांना पटलं तरी त्याला हात लावायला कुणी धजत नाही.

१९५८ चं ठिगळ

शेवटी ४ नोव्हेंबर १९५८ ला मतदारांनी कलम ५६ बदललं. आता नकाराचा होकार झाला. टेक्सासच्या इतिहासाची, निसर्गाची, शेतीची, उद्योगांची माहिती तयार करायला आणि बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना आणि कंपन्यांना ती जाहिरातीतून सांगायला विधिमंडळ पैसा देऊ शकेल. ‘स्थलांतरित’ हा शब्दच गळाला. आता पाहुणे आणि कारखाने हवे होते.

पण १८७५ चा संशय पुरता गेला नव्हता. होकाराला दोन अटी जोडल्या आहेत. पहिली अशी: सरकारी पैशाएवढीच रक्कम खासगी लोकांनी आधी तिजोरीत भरावी, असं विधिमंडळ सांगू शकतं. वर्गणीची सवय कागदावर आली. दुसरी अट मला फार आवडते. या जाहिरातींत राज्याच्या कोणत्याही हयात पदाधिकाऱ्याचं नाव किंवा छायाचित्र कधीही वापरता येणार नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सांगितलं होतं की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचा फोटो नको. मार्च २०१६ मध्ये राज्यांच्या अर्जांवर तो आदेश सैल झाला आणि मुख्यमंत्री, मंत्री परत आले. एस.टी. स्टँडवर उभं राहून वर बघितलं की त्याचा निकाल दिसतो. टेक्सासच्या आमदारांना अशी पळवाट नाही, कारण अट घटनेत आहे. घटनेत घातलेलं सहजी निघत नाही याचा तोटा वर सांगितला. हा त्याचा फायदा.

पर्यटनाची सरकारी यंत्रणा १९६३ मध्ये, राज्यपाल जॉन कॉनली यांच्या काळात उभी राहिली. आज डॅलस-ह्यूस्टनला घर केलेली मराठी कुटुंबं नोकरी आणि शाळा बघून गेली, पत्रक बघून नव्हे. पण २०१९ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसला भरलं तेव्हा आलेले पाहुणे टेक्सासच्या याच नव्या व्याख्येत बसणारे होते.

आणि शेजारच्या कलम ५७ ची ती तीस लाख एकर जमीन? ती शिकागोच्या एका कंपनीने घेतली, तिच्यावर एक्स. आय. टी. नावाचं अवाढव्य गुरांचं कुरण केलं आणि बदल्यात ऑस्टिनला लाल ग्रॅनाइटचं कॅपिटॉल बांधून दिलं. ते १८८८ मध्ये पुरं झालं. जिवंत राज्यपालाचा फोटो जाहिरातीत चालत नाही. त्या इमारतीच्या घुमटाचा चालतो.